केवळ रविवारच्या उपासनेला जाणे ख्रिस्ती जीवनासाठी पुरेसे आहे का?

नाही, बायबलच्या नव्या करारानुसार (येशू व त्याच्या शिष्यांविषयीच्या भागानुसार) केवळ उपासनेला उपस्थित राहणे पुरेसे नाही, कारण तेथे विश्वास आणि आज्ञापालन एकमेकांपासून वेगळे काढलेलेच नाहीत. याकोबाच्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात, वस्त्रहीन व उपाशी बंधुभगिनींना नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव म्हटला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, जे त्या काळी दासाचे काम मानले जाई, आणि त्यांनीही एकमेकांसाठी तसेच करावे असे सांगतो. आपल्याकडे याचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे: 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार विधवा व मुली आणून त्यांना पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रय दिला, आणि तेथे शिक्षणाबरोबरच शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकवली जात (प्रवचनांपेक्षा हा दिनक्रमच मला अधिक बोलका वाटतो). मात्र सेवा करून तारण (पापापासून सुटका) कमावता येते, असा याचा अर्थ घेऊ नये; इफिसकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायातील 8 ते 10 या वचनांत तारण कृपेने व विश्वासाद्वारे मिळते आणि सत्कृत्ये त्यातून पुढे येतात, असाच क्रम दिला आहे.