मिलोंगा: नाच की नाचाचा कार्यक्रम?

प्रश्न: टँगो या अर्जेंटिनातल्या जोडीनं करायच्या नाचाविषयीच्या एका लेखात 'त्यांनी मिलोंगा केला' आणि 'ते मिलोंग्याला गेले' अशी दोन्ही वाक्यं आहेत. हे नाचाचं नाव की जागेचं?

दोन्हीचं. आपल्याकडे गरबा गातात, गरबा खेळतात आणि नवरात्रात गरब्याला जातातही, तसंच हे. ब्युनोस आयर्समध्ये मिलोंगा हा संगीताचा प्रकार आहे, त्यावरचा नाच आहे, आणि लोक टँगो नाचायला जमतात तो कार्यक्रमही. हा शेवटचा अर्थ नवा नाही. अर्जेंटिनाचे कवी होसे एर्नांदेस यांच्या 'मार्तीन फिएर्रो' (1872) या काव्याचा नायक जवळपास नाच आहे असं कळल्यावर 'मिलोंगा बघायला' जातो. शब्दाचं मूळ बहुधा अंगोलातल्या किंबुंदू भाषेत आहे: 'मुलोंगा' म्हणजे शब्द, 'मिलोंगा' त्याचं अनेकवचन. स्पॅनिशमध्ये 'मिलोंगा सांगू नकोस' म्हणजे 'बाता मारू नकोस', त्यात ही बोलण्याची छटा अजून टिकून आहे.

संगीत ओळखायचं तर आठ बारीक मात्रा भरभर मोजा आणि 1, 4, 5, 7 वर टाळी द्या. हा मिलोंग्याचा ठेका. टँगोत मध्येच थबकून श्वास घेता येतो, इथे ठेका फारसं थांबू देत नाही. टँगोची लांब पावलं इथे टाकली की पाय मात्रेच्या मागे पडतो, म्हणून पाऊल आखूड आणि गुडघे सैल ठेवायचे. दोन ठोक्यांमध्ये घुसवलेल्या जास्तीच्या पावलाला 'त्रास्पिए' म्हणतात, शब्दशः ठेच. किती नेमकं नाव!

कार्यक्रमात तीन-चार गाण्यांचा एक संच लागतो, तो 'तांदा'. बहुतेक ठिकाणी दोन तांदा टँगोच्या, एक वॉल्ट्झची, पुन्हा दोन टँगोच्या, मग एक मिलोंग्याची. त्यामुळे 'मिलोंग्यात मिलोंगा लागला' हे वाक्य अगदी बरोबर आहे.

स्पॅनिशमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'सभेत'सारखं 'मिलोंगेत' लिहावंसं वाटेल. पण सोफा, पिझ्झा मराठीत पुल्लिंगी झाले, तसं 'मिलोंग्यात'च कानाला बरं लागतं. टँगोचं रूप 'फोटो'सारखं तसंच राहतं: टँगोत, टँगोला.

'मिलोंगा केला' मात्र टाळावं. त्याचा अर्थ 'कार्यक्रम भरवला' असाही होतो. नाचाबद्दल लिहायचं तर 'मिलोंग्यावर नाचले' असं लिहा.