गोल्फ कट्टा: ड्रायव्हर कपाटात, सतरंजी बाहेर

जूनच्या अंकासाठी आलेले प्रश्न वाचत बसलो तर बहुतेकांचा सूर एकच, बॉल लांब कसा मारू. मंडळी, लांब मारायची हौस मलाही आहे, पण स्कोअर कुठे जातो ते एकदा मोजून बघा ना. पार 72 च्या, म्हणजे 18 होल 72 स्ट्रोकमध्ये (फटक्यांत) संपवायच्या कोर्सवर, होलमागे ग्रीनवरचे दोन पट (बॉल भोकाकडे सरपटवायचे हलके फटके) धरले तर 36 स्ट्रोक नुसते ग्रीनवरच जातात, म्हणजे निम्मे. तरी सरावाच्या रेंजवर बघावं तर सगळे ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, हाणतायत आणि पटिंग ग्रीनवर एकटी साळुंकी फिरतेय. असो, प्रश्न घेऊ.

मी 34 वर्षांचा, बाणेरला राहतो, आयटीत आहे. गोल्फ सुरू करून आठ महिने झाले. आयर्न बरे लागतात पण ड्रायव्हर मारला की बॉल उजवीकडे केळ्यासारखा वळतो. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय. कॉलेजपर्यंत भरपूर क्रिकेट खेळलोय. नवीन ड्रायव्हर घेऊ का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी नको.

आधी काय होतंय ते समजून घ्या, म्हणजे निम्मे व्हिडिओ आपोआप बंद होतील. बॉल निघतो कुठे ते मुख्यतः क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) ठरवतो, आणि हवेत वळतो कुठे ते फेस आणि स्विंगची दिशा यांच्यातल्या फरकावर असतं. तुमचा हात बाहेरून आत येतोय आणि फेस त्या दिशेच्या मानाने उघडा राहतोय, झाला स्लाइस. आता गंमत अशी की बॉल उजवीकडे जातो म्हणून माणूस काय करतो, डावीकडे नेम धरतो, मग खांदे डावीकडे, हात अजूनच बाहेरून आत, आणि बॉल पहिल्यापेक्षा जास्त उजवीकडे. मी स्वतः यात दीड वर्ष घालवलंय, शेवटी शेवटी तर शेजारच्या होलच्या फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्टीवर) नेम धरायचो आणि तिथले लोक माझ्याकडे बघायचे.

त्यात तुमचं क्रिकेट. स्ट्रेट ड्राइव्हला बॅटचा चेहरा बॉलरकडे धरून ठेवायची सवय आपल्या मनगटात लहानपणापासून बसलेली असते. गोल्फमध्ये बॉलच्या आसपास हात वळावे लागतात, फेस तसाच धरून ठेवला की तो उघडाच राहतो. तेव्हा सुरुवात ग्रिपपासून करा. मंडईतून भाजीची जड पिशवी आणताना बंद कुठे असतो? बोटांत असतो, तळव्यात नाही. डाव्या हातात क्लब तसाच घ्यायचा. मग वरून खाली बघा, डाव्या हाताची किमान दोन बोटांची पेरं दिसली पाहिजेत, तुमच्या केसमध्ये मी तीन म्हणेन. आणि हे क्लब जमिनीवर टेकवून करू नका, कमरेच्या उंचीवर समोर धरून फेस सरळ करा, मग मूठ बसवा.

दुसरं, ऑफिसातला व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, बॉलच्या मागच्या बाजूला ठिपका काढा, ती बाजू क्लबच्या फेसकडे येईल असा टीवर (बॉल ठेवायच्या खुंटीवर) ठेवा आणि मारा. फेसवर ठसा उमटतो. ठसा तुमच्या पायाच्या बाजूला, हीलकडे पडत असेल तर तेवढ्यानेही स्लाइस वाढतो, तिथे बॉलपासून अर्धा इंच लांब उभं राहून बघा. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत आणि टी एवढा उंच की अर्धा बॉल ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर दिसेल. मग दोन्ही पाय जुळवून सात नंबरच्या आयर्नने अर्धे स्विंग, रोज 20. पाय जुळवले की खांद्याने ढकलून मारताच येत नाही, तोल जातो. दोन-तीन आठवडे सगळं परकं वाटेल आणि काही बॉल डावीकडे जातील, तेव्हा घाबरून जुन्या ग्रिपवर येऊ नका, डावीकडे गेला म्हणजे औषध लागू पडतंय.

पुढे कधी ड्रायव्हर घेतलातच तर लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) जास्त असलेला घ्या. दुकानात आपल्याला नऊ डिग्रीचा पकडवतात कारण तो भारी वाटतो. जास्त लॉफ्टला बॉल कमी वळतो.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, हट्ट धरून बसलाय. ह्यांचे जुने क्लब कापून त्याला दिले तर चालेल का? – एक आई, कोथरूड

ताई, नको. मोठ्यांचा क्लब कापला की लांबी कमी होते पण डोकं तेवढंच जड राहतं, शाफ्ट अजून कडक होतो आणि ग्रिप त्याच्या मुठीत मावत नाही. मग पोरगं अख्ख्या अंगाने तो क्लब ओढतं आणि ती सवय पुढे जाता जात नाही. लहान मुलांचे क्लब वयापेक्षा उंचीवर घेतात. पूर्ण सेटची गरज नाही, पटर, एक वेज, सात नंबर, नऊ नंबर आणि एखादा हायब्रिड, झालं. सेकंड हँड बघा, मुलं भराभर वाढतात त्यामुळे चांगले सेट मिळतात.

शिकवताना उलटं सुरू करा, म्हणजे होलपासून मागे. आधी तीन फुटांवरून पट, मग ग्रीनच्या कडेवरून चिप (बॉल जरासा उडवून पुढे पळवायचा छोटा फटका), आणि मोठा स्विंग सगळ्यात शेवटी. बॉल भोकात पडल्याचा आवाज आला की मुलाला खेळ आवडतो. आणि बाबांना सांगा, मागे उभं राहून "डोकं खाली, डोकं खाली" करू नका. डोकं खाली दाबून ठेवलं की खांदे फिरायचे थांबतात. एका दिवशी एकच गोष्ट सांगायची, आणि बाकीचा वेळ पोराला मारू द्यायचं. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला हे त्याला जरूर सांगा, फक्त पुढच्या वाक्यात "तूपण जाणार ना" असं म्हणू नका.

वय 61, सहकारनगर. निवृत्तीनंतर खेळतो. ग्रीनपर्यंत ठीक, तिथे गेलं की तीन पट, कधी चार. लाइन वाचता येत नाही.

काका, लाइनचा दोष नाही हो हा. 30 फुटांवरून तुम्ही दिशेत फार तर दोन फूट चुकता पण अंतरात सात-आठ फूट चुकता, तीन पट तिथे होतात. भोक 108 मिलिमीटरचं असतं, 30 फुटांवरून टीव्हीवरचे प्रोसुद्धा ते क्वचितच भरतात. पहिला पट फक्त भोकाच्या जवळ नेऊन ठेवायचा.

घरी सतरंजी अंथरा. दहा रुपयांचं नाणं ठेवा आणि बॉल नाण्यापर्यंत जाऊन जेमतेम वीतभर पुढे थांबला पाहिजे असा पट मारा. मग नाणं पावलभर मागे, परत पावलभर मागे. सतरंजीचा वेग ग्रीनसारखा नसतो हे मला माहितीये, पण हाताला अंतर कळायला लागतं. कोर्सवर सराव स्विंग करताना नजर बॉलवर नको, भोकावर ठेवा. लहानपणी गोटी मारताना समोरच्या गोटीकडे बघायचात की स्वतःच्या बोटाकडे?

आणि अजून एक, हिवाळ्यात पहाटेचा टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) मिळाला तर ग्रीनवर दव असतं, त्यावर बॉलची वाट स्पष्ट उमटते, सुरुवातीला सरळ आणि शेवटच्या चार फुटांत वळलेली. बॉल हळू झाला की जास्त वळतो हे पुस्तकात वाचून मला कळलं नव्हतं, तिथे उकिडवं बसून ती रेष बघितली तेव्हा कळलं.

मी 17 वर्षांची, वाकड. ग्रीनच्या बाजूने चिप करताना एक तर जमीन खणते नाहीतर क्लब बॉलच्या डोक्यावर लागून तो पलीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जातो. सर म्हणतात बॉल उचल, तो उचलला जात नाही.

तू उचलायला जातेस म्हणूनच हे होतंय. वजन मागच्या पायावर राहतं, मनगटाने खालून खरवडतेस, मग क्लब आधी जमिनीला लागतो, आणि तिथून वाचला तर वर येताना बॉलच्या पोटावर. बॉल वर न्यायचं काम लॉफ्टचं, तुझं नाही.

मला हे एका जुन्या कॅडी (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या) मामांनी सांगितलं होतं. मी एका होलवर ग्रीनच्या अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे असे चार चिप मारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, खराटा धरा खराटा." अंगण झाडताना हात पुढे असतो आणि काड्या मागून येतात, हात कधी मागे राहत नाही. चिप तशीच. पाय जवळ, वजन डाव्या पायावर आणि ते तिथेच राहू द्यायचं, बॉल मधोमध, हात बॉलच्या किंचित पुढे. मारून झाल्यावर थांबून बघ, क्लबचं डोकं हाताच्या पुढे निघून गेलं असेल तर खरवडलंस. बॉलच्या मागे चार बोटांवर पंचा घडी करून ठेव आणि पंचाला न लावता मार, आठवड्याभरात फरक पडेल. शक्य तिथे सँड वेजऐवजी नऊ नंबर घे, बॉल लवकर जमिनीला लागून पटसारखा पळतो आणि चूक झाली तरी फार महागात पडत नाही.

लांब मारणाऱ्या मैत्रिणींचं टेन्शन येत असेल तर 2021 मध्ये टोकियोला अदिती अशोक चौथी आली होती, मेडल एका स्ट्रोकने हुकलं, आणि त्या फील्डमध्ये ती सगळ्यात कमी लांब मारणाऱ्यांपैकी होती. तिने सगळं चिपिंग-पटिंगवर खेचलं होतं.

पावसात बॉल डबक्यात गेला किंवा चिखलात रुतला तर पेनल्टी लागते का? आमच्या चौघांत दरवर्षी भांडण होतं. – येरवडा

फेअरवेवर किंवा रफमध्ये (बाजूच्या लांब गवतात) साधं पावसाचं पाणी साठलं असेल, उभं राहिल्यावर पायाशी पाणी दिसत असेल, तर पेनल्टी नाही. जिथे पाण्याचा त्रास पूर्ण संपतो अशी सगळ्यात जवळची जागा शोधा, होलच्या जवळ न जाता, तिथून एका क्लबच्या लांबीत ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून खाली सोडायचा. ड्रॉप 2019 पासून गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नाही, तुमच्यातले जुने मेंबर अजून हात ताणून उभे राहत असतील. बॉल स्वतःच्या खड्ड्यात रुतला तरी फुकट ड्रॉप, फक्त बंकर आणि पेनल्टी एरिया सोडून. बंकरमध्ये पाणी साठलं तर बंकरच्या आतच फुकट मिळतं, बाहेर काढायचा तर एक स्ट्रोक द्यावा लागतो, तुमचं भांडण बहुतेक इथलं असणार. लाल-पिवळ्या खुंट्यांच्या आतल्या, म्हणजे पेनल्टी एरियातल्या, पाण्याला ह्यातलं काहीही लागू नाही. आणि गवतात शोधायला आता तीनच मिनिटं, पूर्वीची पाच नाहीत, तेव्हा कोणीतरी घड्याळ लावा आणि बाकीचे तिघं शोधा.