आई गावाला जाते तेव्हा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांचा सूर बहुतेक एकच होता. आईला चार दिवस बाहेर पडायचंय, कधी मैत्रिणींबरोबर, कधी एकटीने मुलांना घेऊन, आणि घरातून पाय निघत नाही. 'जाऊ का?' हे विचारायची गरज नाही, जरूर जा. खालची उत्तरं आहेत ती 'कसं जायचं' याची.

प्रश्न : मुलगी सात महिन्यांची आहे. अंगावर पिते, दोन वेळा वरचं खाते. दोन महिन्यांनी मैत्रिणींबरोबर दोन रात्री बाहेर राहायचं ठरतंय. दूध काढून ठेवलं तर पुरेल का? परत आल्यावर ती अंगावर घेईल का?

पुरेल, पण साठा करायला किमान चार आठवडे हातात ठेवा. नऊ महिन्यांचं, वरचं नीट खाणारं बाळ दिवसाला साधारण 500 ते 700 मिली दूध पितं. म्हणजे दोन रात्री आणि मागचा-पुढचा थोडा वेळ धरून दीड ते पावणेदोन लिटर हवं. आकडा मोठा वाटतो, पण रोज सकाळच्या पाजण्यानंतर फक्त 60 मिली काढलंत तरी 28 दिवसांत 1680 मिली जमतं. सकाळचीच वेळ घ्या, कारण बहुतेक आयांना तेव्हा दूध जास्त असतं. एकाच दिवशी जास्त काढायचा अट्टहास केला की बाळाला पुढच्या वेळी कमी पडतं आणि साठवायचा उत्साह तिथेच संपतो.

60 ते 100 मिलीच्या पिशव्या भरा, वर तारीख लिहा आणि थोडी जागा रिकामी सोडा. गोठताना दूध फुगतं. पिशव्या आडव्या गोठवल्या तर लवकर वितळतात. ताजं काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास आणि फ्रीजमध्ये 4 दिवस चालतं (आतल्या बाजूला ठेवा, दारात नको). फ्रीजरमध्ये 6 महिन्यांच्या आत वापरलेलं उत्तम. फ्रीजमध्ये ठेवून वितळवलेलं दूध पूर्ण वितळल्यापासून 24 तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं 2 तासांनंतर टाकून द्यायचं. कोमट करायला पिशवी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी. मायक्रोवेव्हमध्ये दूध एकसारखं तापत नाही, बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतला एखादा घोट तोंड भाजतो. वर साय आल्यासारखा थर दिसला तर दूध नासलेलं नाही, हलक्या हाताने गोल फिरवलं की मिसळतं. हे सगळं मागे राहणाऱ्या माणसाला तोंडी सांगून भागत नाही. फ्रीजच्या दारावर लिहून लावा.

एक चाचणी मात्र पहिल्याच आठवड्यात करा. काही आयांचं दूध गोठवून वितळवल्यावर साबणासारखं वासतं आणि बाळ तोंड फिरवतं. दुधातल्या चरबी फोडणाऱ्या विकरामुळे असं होतं. दूध खराब नसतं, चव बदललेली असते. एक पिशवी गोठवून आठवड्याने वितळवून पाजून बघा. मुलगी घेत नसेल तर पुढचं दूध गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळू नका, आणि लगेच गार करा. दीड लिटर साठवून झाल्यावर ही गोष्ट कळली की फार जिव्हारी लागतं.

बाटलीची किंवा कपाची सवय दोन-तीन आठवडे आधी लावा, आणि ती तुम्ही लावू नका. आई समोर असताना बाळ बाटली कशाला घेईल? साठा कमी पडेल असं वाटलं तर पावडरच्या दुधाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

तिथे असताना दर तीन-चार तासांनी दूध काढा, रात्रीही एकदा. गप्पांच्या नादात सात-आठ तास गेले की छाती दगडासारखी होते. एखादी जागा लाल, गरम, दुखरी झाली आणि 38 अंशांवर ताप किंवा अंगदुखी आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. विजेवरचा पंप असला तरी हाताने चालणारा एक बरोबर ठेवा. काढलेलं दूध घट्ट गोठलेल्या आइसपॅकसह जाड पिशवीत 24 तास टिकतं. तशी सोय नसेल तर ओतून द्यावं लागेल. वाईट वाटेल, पण काढणं थांबवू नका, कारण त्यावरच पुढचं दूध टिकतं.

परतल्यावर काही बाळं पहिले काही तास रुसतात. जबरदस्ती नको. अंधाऱ्या, शांत खोलीत, उघड्या छातीशी, ती पेंगुळलेली असताना द्या.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. मी चार दिवस जाणार आहे. नवरा म्हणतो, 'काय करायचं ते लिहून दे, मी करतो.' मागच्या वेळी चार पानं लिहून दिली, तरी दिवसभर फोन येत होते. शिवाय मुलाला सांगून निघावं की तो झोपल्यावर?

चार पानं दिली म्हणूनच फोन आले. यादीत कामं असतात, ठरवणं तुमच्याकडेच राहतं, आणि यादीत नसलेली गोष्ट घडली की फोन वाजतो. त्यामुळे कामांऐवजी निर्णय सोपवा. निळा शर्ट की पिवळा, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, हे मुलाच्या बाबांना सुचू शकतं. कागदावर फक्त ते लिहा जे सुचू शकत नाही: डॉक्टरांचा नंबर, कशाची ॲलर्जी आहे, बालवाडीतून कोणाला नेता येतं, झोपण्याआधीचा क्रम, त्याच्या लाडक्या चिंधीचं नाव. एका पानावर मावतं.

त्याच पानावर तापाच्या औषधाची ओळ हवी, कारण सगळ्यात धोकादायक चूक तिथे होते. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे 10 ते 15 मिलीग्रॅम. पण एकाच नावाच्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 मिलीग्रॅमही असतं आणि 250 मिलीग्रॅमही. 14 किलोच्या मुलाला पहिल्यातलं साधारण 8 मिली लागतं, दुसऱ्यातलं 4 मिली. घरातली बाटली संपली, रात्री दुसरी आणली आणि 'आठ मिली' एवढंच लक्षात असलं तर डोस दुपटीवर जातो. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि मिली दोन्ही एकत्र लिहा, तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, आणि खाली लिहा: दोन डोसांत किमान 4 तास, 24 तासांत 4 वेळांपेक्षा जास्त नाही.

जाण्याआधी दोन तालमी करा. एकदा अर्धा दिवस, एकदा पूर्ण रात्र. तुम्ही खरोखर बाहेर असायला हवं. आतल्या खोलीत बसून तालीम होत नाही. कागदावर काय राहिलं ते या तालमीत कळतं. फोनचं आधीच ठरवा: ताप, दुखापत, किंवा डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर कधीही फोन करायचा. बाकीचं तिथेच ठरवायचं आणि संध्याकाळी एकदा सांगायचं.

मुलाला न सांगता कधीच निघू नका. रडणं टळतं ते फक्त तुमच्या कानापुरतं. जाग आल्यावर आई नाही, हे एकदा घडलं की पुढचे कित्येक दिवस तो तुम्हाला बाथरूमपर्यंतही एकटं सोडत नाही. पण पंधरा दिवस आधी सांगण्यातही अर्थ नाही, या वयाला तेवढा काळ मोजता येत नाही. दोन दिवस आधी सांगा आणि झोपांनी मोजा: 'चार झोपा झाल्या की आई येणार.' कागदाच्या चार कड्यांची साखळी करून ठेवा, रोज सकाळी एक कडी त्याने तोडायची. निरोप मिनिटभराचा ठेवा. दारातून तीनदा परत येऊन मिठी मारली की त्याला वाटतं, जाण्यात खरंच काहीतरी भिण्यासारखं आहे.

व्हिडिओ कॉल झोपेच्या वेळी टाळा. दमलेलं मूल आईचा चेहरा बघून कोसळतं, आणि सावरायला तुम्ही तिथे नसता. सकाळी किंवा दुपारी, पाच मिनिटं पुरे. त्यानेही तो बिथरत असेल तर कॉल सोडा आणि तुमच्या आवाजात दोन गोष्टी ध्वनिमुद्रित करून ठेवा.

परत आल्यावर तो तुम्हाला टाळून बाबांकडे गेला तर मनाला लावून घेऊ नका, दिवस-दोन दिवसांत सुरळीत होतं. आणि कपाटातले कपडे वेगळ्या खणात दिसले तर ते तिथेच राहू द्या. पहिल्या तासात घर पुन्हा लावायला घेतलंत तर सोपवलेला कारभार तुम्ही परत घेतलात, हे सगळ्यांना कळतं.

प्रश्न : बावीस महिन्यांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी घेऊन एकटीने परदेशी जायचंय, परत तीन महिन्यांनी. कशाची काळजी घ्यावी?

तुमच्या पत्रातच पहिली अडचण आहे. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसू शकतं, पण परतीच्या दिवशी तुमचा मुलगा दोन वर्षांचा झालेला असेल, तेव्हा परतीला त्याची स्वतंत्र जागा लागेल. तिकीट काढतानाच तसं काढा.

मुलांच्या पासपोर्टची मुदत बघा. अनेक देशांना प्रवासानंतर 6 महिने शिल्लक लागतात. वडील बरोबर नसल्याने त्यांचं नोटरी केलेलं संमतिपत्र (तारखा, पासपोर्ट क्रमांक, फोन) आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा. आडनावं वेगळी असतील तर दाखला हवाच.

हातातल्या बॅगेतल्या द्रव पदार्थांच्या 100 मिलीच्या नियमातून (एका बाटलीत जास्तीत जास्त एवढंच) बाळाचं दूध आणि खाणं बहुतेक विमानतळांवर वगळलेलं असतं, पण बॅग पट्ट्यावर ठेवण्याआधी स्वतःहून सांगा. तुमच्यासाठीही एक जादा कुर्ता हातातल्या बॅगेत हवा. मुलांचे कपडे सगळ्या जणी घेतात, पण उलटी होते ती आईच्या अंगावर.

कान दुखतात ते उतरताना. कान आणि घसा जोडणारी नळी मुलांमध्ये अरुंद असते आणि बाहेरचा वाढता दाब लवकर जुळत नाही. विमान साधारण अर्धा तास आधी खाली यायला लागतं, त्या वेळी मुलं झोपलेली असतील तर उठवा. धाकट्याला दूध किंवा पाण्याचे घोट द्या, थोरलीला चघळायला द्या. गिळताना ती नळी उघडते. सर्दी किंवा कानाचा त्रास चालू असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

निघायच्या सकाळी दोघांचा त्याच कपड्यांतला फोटो काढा आणि हातावर पेनाने तुमचा नंबर लिहा. गर्दीत मूल दिसेनासं झालं तर त्याच्या अंगावर कोणते कपडे होते हे घाबरलेल्या आईला आठवत नाही.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला वळणांच्या रस्त्यावर गाडीत उलट्या होतात.

आतल्या कानाला हालचाल जाणवते, डोळ्यांना मात्र समोरची स्थिर सीट दिसते. या विसंगतीने मळमळतं. म्हणून मोबाइल आणि पुस्तक बंद, नजर बाहेर लांबवर. त्याची सीट एवढी उंच हवी की पुढच्या काचेतून रस्ता दिसेल. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको, निघण्याआधी तासभर हलकं खाणं बरं. औषध डॉक्टरांना विचारून, आणि ते अर्धा ते एक तास आधी घेतलं तरच उपयोग. मळमळ सुरू झाल्यावर दिलेलं औषध उलटीबरोबरच बाहेर पडतं.

प्रश्न : आम्ही सहा मैत्रिणी दोन वर्षं सहलीचं ठरवतोय. गटात रोज चर्चा होते, ठरत काहीच नाही. खर्चाचाही प्रश्न आहे, सगळ्यांची ऐपत सारखी नाही.

'कधी जमेल?' असं विचारलंत तर सहा घरांच्या परीक्षा, आजारपणं आणि लग्नकार्यं मोजत बसाल. त्याऐवजी तीन तारखा टाका, उत्तराला पाच दिवस द्या, चौघींना जमेल ती तारीख पक्की. राहिलेल्या दोघी पुढच्या वेळी. हे आधीच मान्य करून घेतलं की कोणी दुखावत नाही.

पैशांचं जागा ठरवण्याआधी बोला, आणि गटात नाही. गटात जास्तीत जास्त परवडणाऱ्या मैत्रिणीचा आकडा आधी येतो, त्यावर कमी परवडणारी 'माझं जमत नाही ग' म्हणून गळते, आणि खरं कारण कोणालाच कळत नाही. एकीने प्रत्येकीला वेगळं विचारावं: किती खर्च मनाला न टोचता करता येईल? सगळ्यांत लहान आकड्यावर बेत आखावा. सुरुवातीलाच सारखी रक्कम जमा करून प्रवास, राहणं आणि एकत्र खाणं त्यातून भागवावं, खरेदी ज्याची त्याने. दिवसातले दोन-तीन तास मोकळे ठेवा. घरी चोवीस तास कोणाच्या तरी हाकेवर असलेल्या बाईला तिथेही सहा जणींच्या वेळापत्रकावर पळवू नका.

प्रश्न : जिवलग मैत्रिणीला मूल नाही. माझं बाळ झाल्यापासून बोलणं तुटत चाललंय.

'वेळ मिळाला की फोन करते' हे वाक्य सोडा, तो वेळ बाळ देत नाही. दर पंधरवड्याला एक वार आणि वेळ ठरवा, बाळ बाबांकडे किंवा आजीकडे असेल अशी. फोनवर नको, चालायला जा. चाळीस मिनिटं पुरतात. आणि पहिली वीस तिची असू द्या.