घरातच पाळणाघर सुरू करतेय, काय काय बघू?

प्रश्न: ताई, आम्ही सांगलीत गावभागात राहतो, पहिला मजला, खाली गाळे. शेजारच्या दोघींची मुलं मी सांभाळते, आता अजून चार येणारेत. घरात काय बदल करू?

उत्तर: आधी गॅलरीतल्या गजांमधलं अंतर टेपनं मोजा, 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मधे उभे गज मारून घ्या. आडव्या पट्ट्या नकोच, पोरं त्याची शिडी करतात, आणि कुंडी, स्टूल काहीच तिथं नको. खिडकीचं ग्रील फिक्स असेल तर एक तरी उघडणारं करा, जिन्यात धूर भरला तर दुसरी वाट नाही हो. मेन बोर्डला 30 मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवा, इलेक्ट्रिशियन म्हणेल एमसीबी आहे की, पण एमसीबी वायर वाचवते, शॉक बसला तर माणूस वाचवायला आरसीसीबीच लागते.

मला सगळ्यात जास्त भीती बाथरूममधल्या भरलेल्या बादलीची वाटते. रांगतं मूल वाकून बघता बघता डोक्यावर पडतं, त्याला परत उठता येत नाही आणि आवाजसुद्धा होत नाही. बादली रिकामी, पालथी, दाराला बाहेरून वर कडी, एवढं आजच करा.

आणि पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी बघत जा, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका. 2019 ला 57 च्या वर गेली होती. तुमच्या घरात पाणी नाही आलं तरी जिना बुडाला की सहा पोरं वर अडकणार, म्हणून 40 व्हायच्या आधीच आईबापांना फोन करून मुलं घरी पाठवा.