सायलेन्सरमधलं नाक

प्रश्न : पेट्रोल गाडीचा चेक इंजिन दिवा विझत नाही. स्कॅनरवर पी ०१३५ आलं. ॲव्हरेज १६ वरून १२ वर आलाय. मेकॅनिक म्हणतो, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदला. बदलू का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दोन्ही कशाला हो काका? हा कोड पहिल्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा आहे. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे धुरातला ऑक्सिजन हुंगणारं नाक. सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय हे नाक नीट वास घेत नाही; तोवर कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल सोडतो.

आधी फ्यूज आणि कनेक्टर बघा. मग गाडी थंड असताना सेन्सरच्या हीटरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावा (बहुधा दोन्हींचा रंग एकच असतो). काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत. काहीच नाही, तर गेला.

देवास नाक्यावर एका गाडीचा सेन्सर मी घाईत बदलला. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. वायर उंदराने कुरतडली होती! ग्राहक सकाळी पोहे-जिलेबी घेऊन आला होता, ती माझ्या घशाखाली उतरेना.

सेन्सर गेलाच असेल, तर सायलेन्सर कोमट असताना आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून २२ नंबरच्या पान्याने काढा. नव्याच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, टोकाला अजिबात नको. बऱ्याच सेन्सरवर ते लावूनच येतं. अन् वायर कापून डाग (सोल्डर) देऊ नका. काही सेन्सर वायरीतूनच बाहेरची हवा घेतात.