जोडताऱ्यांतील पल्सार ओळखताना

खानापूर-बेळगाव पट्ट्यात पावसाळाभर आकाश दिसत नाही, म्हणून जोडताऱ्यांतील पल्सार, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याच्या जोडीने फिरणारे व नियमित स्पंदने देणारे अतिघन तारे, शोधताना तुम्ही थांबण्याचे कारण नाही. फर्मी या अवकाश दुर्बिणीची गॅमा किरणांची निरीक्षणे सर्वांना खुली आहेत आणि सुरुवातीस साधा संगणक पुरतो. ज्यांची ओळख पटलेली नाही, पण ज्यांची तीव्रता वर्षानुवर्षे स्थिर असून वर्णपट काही गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जेच्या पुढे झपाट्याने उतरतो, असे स्रोत आधी निवडावेत. नंतर त्याच जागी काही तासांच्या आवर्तनाने उजळणारा व मंदावणारा तारा शोधावा, कारण पल्सारचा मारा सोसणारी जोडीदाराची बाजू तापून अधिक तेजस्वी दिसते. (गुरुत्वाने ताणलेला जोडीदार एका फेरीत दोनदा उजळतो, तेव्हा खरा कक्षाकाल, म्हणजे एका फेरीचा वेळ, दिसणाऱ्या आवर्तनाच्या दुप्पट असतो.) हे काम कंटाळवाणे असले, तरी माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे: पीएसआर जे१३११-३४३० या पल्सारची सुमारे ९४ मिनिटांची कक्षा प्रथम दृश्य प्रकाशात समजली, म्हणूनच २०१२ मध्ये गॅमा किरणांत त्याची स्पंदने शोधता आली. रेडिओ निरीक्षणांत कक्षेतील गतीमुळे स्पंदनांची वारंवारता सरकते, त्यामुळे निरीक्षणाचे कक्षाकालाच्या दशांशाहून लहान तुकडे घेऊन त्यांत पल्सारचे त्वरण स्थिर गृहीत धरूनच शोध घ्यावा. जोडीदारापासून सुटलेला वायू रेडिओ लहरी झाकतो. तेव्हा एका निरीक्षणात काही न दिसल्यास स्रोत बाद करू नये.