धाब्याचं घर, एकास बारा
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात बाहुलीघराच्या वस्तूंवर दोन पानं छापली होती. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले सात इथे घेतले आहेत.

प्रश्न (अमळनेर): आजोळचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आता पाडणार आहेत. त्याची प्रतिकृती करून प्रदर्शनात ठेवायची आहे. घर 30 फूट बाय 24 फूट आहे. कोणतं प्रमाण घ्यावं? सनबोर्डाची एक खोली करून पाहिली, पण ती जुन्या घरासारखी दिसत नाही, खोक्यासारखी दिसते.

प्रमाण एकास बारा घ्या. खऱ्या घराचा फूट म्हणजे प्रतिकृतीचा इंच, इतका सोपा हिशोब असतो. मिलिमीटरमध्ये काम करत असाल तर प्रत्येक मापाला 12 ने भागा. जगभरात बाहुलीघरांच्या छंदात हेच प्रमाण सर्वांत जास्त चालतं. दिल्लीचं राष्ट्रपती भवन आखणाऱ्या एडविन लटियन्स यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी जे बाहुलीघर आखलं, 1924 साली पूर्ण झालेलं, तेही एकास बाराचंच आहे.

मात्र या प्रमाणात तुमचं अख्खं घर 30 बाय 24 इंच होईल, म्हणजे साधारण 76 बाय 61 सेंटिमीटर. एसटीच्या दारातून ते आडवं जाणार नाही आणि एका माणसाला उचलताही येणार नाही. म्हणून पुढची एक खोली आणि ओटा एवढंच करा. एकाच खोलीचं काम दुय्यम समजू नका. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये थॉर्न संग्रहाच्या 68 चिमुकल्या खोल्या आहेत आणि त्यांतली प्रत्येक खोली स्वतंत्र पेटीत मांडलेली आहे. 12 बाय 10 फुटांची खोली 30 बाय 25 सेंटिमीटरची होईल. पुढे 4 फुटांचा ओटा, म्हणजे 10 सेंटिमीटर. एक बाजूची भिंत गाळून तिथून आत बघायची सोय ठेवा. 40 बाय 50 सेंटिमीटरच्या 12 मिलिमीटर प्लायवर हे सगळं नीट बसतं.

खोली खोक्यासारखी दिसते याचं कारण भिंतीची जाडी. मातीची भिंत दीड फूट रुंद असेल तर एकास बारामध्ये ती 38 मिलिमीटर हवी. तुम्ही 5 मिलिमीटरचा एकच बोर्ड उभा केला असणार. म्हणजे खऱ्या मापात जेमतेम अडीच इंचांची भिंत झाली! पाहणाऱ्याला आकडा सांगता येत नाही, पण दाराच्या चौकटीशी नजर गेली की काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं. भिंत दुहेरी करा: 5 मिलिमीटरचे दोन बोर्ड आणि मध्ये 28 मिलिमीटरचे ठोकळे. ही जाडी दिसते ती तीनच ठिकाणी, दारात, खिडकीत आणि देवळीत, म्हणजे दिवा ठेवायच्या भिंतीतल्या कोनाड्यात. त्या तीन जागा मन लावून करा. देवळी 25 मिलिमीटर रुंद, 32 उंच आणि 19 खोल कापा. आतल्या बोर्डाला भोक पाडून मागे पुठ्ठ्याची छोटी पेटी चिकटवली की झालं. देवळीच्या वरच्या कडेला काजळीचा हलका डाग द्या, तिथे रोज दिवा लागायचा.

धाब्यासाठी सुताराकडून सागाच्या टाकाऊ पट्ट्या आणा आणि 8 मिलिमीटर चौरस कड्या, म्हणजे छताचे आडवे वासे, काढून घ्या. कड्यांमध्ये 25 मिलिमीटर अंतर ठेवा. वरचा मातीचा थर खरा भरू नका, वजन वाढतं. थर्माकोल घालून फक्त कडेला 19 मिलिमीटर जाडी दाखवा. छतावरचं पाणी बाहेर टाकणारी पन्हाळ विसरू नका, पन्हाळीशिवाय धाबं अर्धवट वाटतं. पाडायच्या आधी घराची मापं मात्र आजच घ्या. उंबऱ्याची उंची, पायरीची रुंदी, कडीची जाडी फोटोवरून कळत नाही. फोटो काढताना शेजारी फूटपट्टी उभी करा.

प्रश्न (शिरपूर): भिंतीला शेतातली माती फेविकॉलमध्ये कालवून लिंपली. दुसऱ्या दिवशी भेगा पडल्या आणि पुठ्ठा धनुष्यासारखा वाकला.

शेतातली माती म्हणजे तापीकाठची काळी कपाशीची माती. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, तेच तुमच्या भिंतीवर झालं. काळी माती पूर्ण टाळा. पांढरी किंवा पिवळसर माती मैद्याच्या चाळणीने चाळून एक वाटी घ्या, तितक्याच बारीक विटकरीची पूड दोन वाट्या आणि फेविकॉल अर्धी वाटी. श्रीखंडाइतकं घट्ट होईल एवढंच पाणी घाला. मिलिमीटरभर जाडीचे दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. एप्रिल-मेच्या झळांमध्ये पहिले दोन-तीन तास वर ओलसर फडकं धरा, नाहीतर वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतला थर त्याला फाडतो.

पुठ्ठा वाकला कारण ओल एकाच बाजूला बसली. पुठ्ठा किंवा एमडीएफ असेल तर मागच्या बाजूलाही पातळ फेविकॉलचा हात त्याच वेळी मारा. सनबोर्ड प्लॅस्टिकचा असतो, तो वाकत नाही, पण त्यावर लिंपण धरत नाही आणि पापडासारखं सुटून येतं. त्याला 80 नंबरच्या पॉलिश पेपरने ओरखडे काढा, मेडिकलमध्ये मिळणारं गॉज फेविकॉलने चिकटवा आणि त्यावर लिंपा.

खरं शेण वापरायचा मोह अनेकांना होतो. वापरू नका. त्यातली गवताची काडी एकास बारामध्ये बोटाएवढी जाड दिसते, शिवाय पावसाळ्यात कीड लागते. सारवणाचा रंग तपकिरीत थोडा हिरवा आणि थोडा पांढरा मिसळून येतो. बोटांचे अर्धगोल फराटे मऊ ब्रशने ओल्या रंगातच काढा.

प्रश्न (फैजपूर, इयत्ता नववी): मला भरीत-भाकरीचं ताट करायचं आहे. घरी कॉर्नफ्लॉवरची क्ले केली, पण वस्तू वाळल्यावर लहान झाल्या, रंग गडद झाला आणि काहींवर बुरशी आली.

तुझ्या तिन्ही अडचणींवर उपाय आहे. आधी कृती बघ. एक वाटी कॉर्नफ्लॉवर, एक वाटी फेविकॉल, एक मोठा चमचा बेबी ऑइल आणि एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. त्यात अर्धा लहान चमचा सोडियम बेंझोएट घाल, किराणा किंवा केमिकलच्या दुकानात मिळतं. बुरशी त्यानेच थांबते, नुसतं व्हिनेगर पुरत नाही. मंद आचेवर, घरातलं मोठं माणूस जवळ असताना, गोळा भांड्याच्या कडा सोडेपर्यंत ढवळ. जास्त शिजवलंस तर क्ले रबरासारखी होते आणि वळताना तुटते. ते भांडं नंतर स्वयंपाकाला वापरायचं नाही.

ही क्ले वाळली की थोडी पारदर्शक होते, म्हणून रंग गडद दिसतो. कुठलाही रंग घालण्याआधी पांढरा ॲक्रिलिक रंग मळून घे आणि मग हवा त्यापेक्षा एक छटा फिका रंग कर. आकसणं बंद होत नाही, म्हणून वस्तू मापापेक्षा थोडी मोठी कर. आधी एक नमुना वाळवून किती घटते ते मोज.

आता भाकरी. खरी भाकरी साधारण 20 सेंटिमीटर, म्हणून तुझी 17 मिलिमीटर. खरी जाडी 3-4 मिलिमीटर, म्हणून तुझी पाव मिलिमीटरच्या आसपास. नुसत्या हाताने एवढं पातळ लाटता येत नाही. जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या दोन पट्ट्या काप, त्यांच्यामध्ये क्ले ठेव आणि गुळगुळीत पेन दोन्ही पट्ट्यांवरून फिरव. क्ले पट्टीइतकीच जाड राहते. औषधाच्या बाटलीच्या लहान झाकणाने गोल काप, पण कड बोटाने किंचित दाबून वेडीवाकडी कर, कारण भाकरी थापलेली असते, कापलेली नसते. जुन्या टूथब्रशने पृष्ठभाग टोकर. वाळल्यावर तपकिरी खडूची पूड कापसाने जागोजागी लाव आणि दोन-तीनच ठिकाणी काळपट डाग दे. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी हवी असेल तर पांढऱ्यात थोडा तपकिरी आणि अगदी टोकभर काळा मिसळ.

वांगं जांभळं करू नकोस. आपलं भरताचं वांगं हिरवं असतं, खाली पांढरट रेघांचं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा रंग चुकला तर पाहणारा खानदेशी माणूस लगेच बोट दाखवेल. लांबी 17 मिलिमीटर, रुंदी 8. देठाची टोपी वेगळी, पाच टोकांची चांदणी कापून बसव. वार्निशचा एक हात वांग्यालाच द्यायचा, देठाला नाही. वांगं चकचकतं, देठ कोरडा असतो.

प्रश्न (भुसावळ): मे महिन्यात गाडीतून घर नेलं, उतरवलं तेव्हा फर्निचर निखळलेलं होतं. ग्लू गनने चिकटवलं होतं.

ग्लू गनची कांडी उष्णतेनेच वितळते. भुसावळला बाहेर 45 अंश असताना बंद गाडीत पारा 60 च्या पुढे जातो आणि सांधा मऊ पडतो. शिवाय तिचा थर जाड बसतो. लाकूड, कागद, कापड यांना फेविकॉल. सनबोर्ड आणि धातूला इन्स्टंट ग्लू. थर्माकोलवर इन्स्टंट ग्लू घातलात तर तो थर्माकोल खातो, तिथे फेविकॉलच. इन्स्टंट ग्लू हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, त्यामुळे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला वेळ लागतो आणि आषाढात तो लगेच धरतो. पण त्याच दमट हवेत खिडकीच्या पारदर्शक पट्टीवर पांढरं धुकं बसतं. काच बसवायला म्हणून फेविकॉलचा बारीक ठिपका बरा.

प्रश्न (नंदुरबार): घरात पितळेची जुनी भातुकली आहे. ती वापरली तर चालेल का?

क्वचित. भातुकली मुलींच्या हाताच्या मापाने घडवलेली असते, घराच्या मापाने नाही. त्यातला हंडा आणि वाटी एकमेकांशीसुद्धा एका प्रमाणात नसतात. प्रत्येक भांडं मोजा आणि 12 ने गुणा. पेला दीड फूट उंच निघाला तर तो हंडा म्हणून मांडा, पेला म्हणून नाही. घरोट (जातं) आणि पाटा-वरवंटा हे भातुकलीतले बहुधा फार मोठे निघतात, ते क्लेचे करून राखाडी रंगवलेले चांगले. जुनं पितळ घासून चकचकीत करू नका.

प्रश्न (धुळे): घरात दिवे लावायचे आहेत. पॉवर बँकेला जोडले तर थोड्या वेळाने आपोआप बंद होतात.

पॉवर बँकेला वाटतं फोन चार्ज झाला. दोन-तीन एलईडी इतका कमी प्रवाह घेतात की ती स्वतःला बंद करून घेते. तीन एए सेलची पेटी वापरा, 4.5 व्होल्ट मिळतात. वॉर्म व्हाइट एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. उरलेल्या दीड व्होल्टसाठी प्रत्येक एलईडीला स्वतंत्र 100 ओहमचा रेझिस्टर (प्रवाह आवरणारा छोटा भाग) लावा, म्हणजे 15 मिलिॲम्पिअर प्रवाह जातो. अनेक एलईडींना मिळून एकच रेझिस्टर लावू नका, एक झगझगतो आणि बाकीचे मंद राहतात. कंदिलाला किंवा चिमणीला 470 ओहम लावा. उजेड पेंगुळलेला पडतो आणि जुन्या घरात तोच शोभतो. वायरी दुहेरी भिंतीच्या पोकळीतून खाली सोडा. भिंत बंद करण्याआधी सगळे दिवे तासभर लावून बघा, नंतर भिंत फोडावी लागेल. प्रदर्शनाच्या दर दिवशी सकाळी नवे सेल.

प्रश्न (चाळीसगाव): पहिल्यांदा छंद-प्रदर्शनात भाग घेते आहे. नेणं, मांडणं, किंमत ठरवणं, काहीच माहीत नाही.

आयोजकांना चार गोष्टी आधी विचारा: टेबल किती लांब-रुंद, विजेचा पॉइंट आहे का, मांडायला किती वेळ मिळेल आणि रात्री हॉलला कुलूप कोण लावतं. स्पर्धा असेल तर पाचवी: तयार किट आणि स्वतः घडवलेलं यांचे गट वेगळे आहेत का. कार्डावर प्रमाण, साहित्य आणि विकत घेतलेल्या वस्तू कोणत्या, हे स्पष्ट लिहा. विकतची खुर्ची लपवण्यात अर्थ नाही, परीक्षक ती ओळखतात, आणि मग तुमच्या हातच्या कामावरही शंका येते.

नेताना घर नाही, प्लाय धरून उचला. म्हणून प्लाय घरापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं मोठा ठेवा. सुटी भांडी काढून टिश्यू पेपरमध्ये गुंडाळा. थर्माकोलचे दाणे भरू नका, ते रंगाला चिकटतात. एसटीत वरच्या रॅकवर नाही, पायाशी. निघण्याआधी मांडणीचा फोटो काढा, तिथे गडबडीत कोणती वाटी कुठे होती ते आठवत नाही. मेणाने वस्तू चिकटवण्याची पद्धत थंड हवेत ठीक आहे, इथे मेण मऊ होऊन डाग पडतो. पोस्टर चिकटवायची पांढरी पुट्टी मोहरीएवढी पुरते.

नुसतं टेबलावर ठेवलं तर माणूस वरून धाबंच बघतो, आत कोणी बघत नाही. खाली पेटी देऊन खोलीची जमीन सव्वा मीटर उंचीवर आणा आणि मुलांसाठी बाजूला एक भक्कम पाट ठेवा. उघड्या बाजूला 2 मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट लावा. हात घालणारी मुलं वाईट नसतात, त्यांना खरंच ते ताट उचलायचं असतं. त्यांच्यासाठी एक भाकरी आणि एक वांगं वेगळं, हातात घेण्यासाठीच ठेवा.

किंमत: साहित्य अधिक तास गुणिले तुमचा दर. ताटाला 40 रुपयांचं साहित्य आणि तीन तास लागले, दर तासाला 100 धरला तर 340 रुपये. कुणी 100 ला मागितलं तर ताट देऊ नका, भाकऱ्यांची एक चळत द्या. भाकऱ्या एकदम वीस-पंचवीस लाटल्या तर एकीला पाच मिनिटंही लागत नाहीत.